सात सेकंदांनी कोंबडा

तेमांगुंग, ३ मार्च २००९

वेनिंग, पोरी,

बुलिक आत्याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं म्हणशील. म्हण. काम आहेच. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. आणि ऑफिसात बु यायुक ही बाई माझ्या पाठीला पाठ लावून बसते. मी जरा हळू बोलले की तिचे कान मोठे होतात.

झालंय असं. परिचारिका होणाऱ्या मुलींचे इस्पितळातले तास मांडून ठेवायचे, हे माझं काम तुला माहीत आहे. बावीस वर्षं मीच मांडतेय, आधी वहीत, आता कॉम्प्युटरवर. माझ्या मशीनवर पहिल्यापासून एक परदेशी अँटिव्हायरस आहे. जानेवारीत आमच्या संस्थेचे प्रमुख पाक हार्जांतो यांच्या पुतण्याने, बागासने, स्वतःचा एक बनवला. कॉलेजात शिकतो, हुशार आहे. सगळ्या मशिनांवर तो घालायचा म्हणून समारंभ झाला. पिवळ्या भाताचा डोंगर रचला. पाक हार्जांतोंनी त्याचा शेंडा कापला आणि सगळ्यांत जुनी म्हणून तो पहिला भात माझ्या हातात दिला. फोटो आहे, पाठवीन.

बागासच्या प्रोग्रामला काही सापडलं की कोंबडा आरवतो. खराखुरा, घरचाच कोंबडा रेकॉर्ड केलाय त्याने. परदेशी प्रोग्राम भोंगा वाजवतो. बाकीच्यांची मशिनं नवी, तिथे एकटा कोंबडा आहे आणि तो गप्प असतो. माझ्याकडे दोघं. मी पेनड्राइव्ह घातला रे घातला की भोंगा, मग कोंबडा. आठवड्यातून तीन-चार वेळा.

"बु मिराहच्या टेबलावर उजाडलं वाटतं," यायुक मला म्हणते. "दाणे टाका हो त्याला, उपाशी आहे."

पहिल्या आठवड्यात मीही हसले. आता लोक माझ्या पेनड्राइव्हकडे पाल बघावी तसं बघतात.

तू हेच शिकलीस. हे काय आहे, एवढं सांग.

तुझी आत्या,
सुमिराह


सुराबाया, ११ मार्च २००९

बुलिक,

पत्र मिळालं. फोन करू नका. फोनवर बोललेलं परत वाचता येत नाही.

पुढच्या वेळी आवाज झाला की लिहून ठेवा: आधी कोण वाजतं, दोघांमध्ये किती सेकंद जातात, परदेशी प्रोग्राम किती व्हायरस सापडले म्हणतो आणि बागासचा किती. तीन दिवस, प्रत्येक वेळी. अंदाजाने नको, घड्याळ पाहून. मुलींच्या तासांत कुठे आकडा बदलला आहे का, तेही जुन्या वहीशी ताडून पाहा.

तोवर काही काढू नका, काही घालू नका.

माझं ठीक चाललं आहे. जुलैपासून कंपनी मला कायम करणार आहे. अजून कागद हातात आलेला नाही.

वेनिंग


तेमांगुंग, २० मार्च २००९

वेनिंग,

सांगितलंस तसं केलं. भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून बसले होते. यायुक म्हणाली, "कुणाची वाट बघताय? नवरदेव येणारेय का?"

आधी भोंगा. बरोबर सात सेकंदांनी कोंबडा. एकदाही सहा नाही, एकदाही आठ नाही. भोंगेवाला दर वेळी एक्केचाळीस व्हायरस सापडले म्हणतो. कोंबड्याचा आकडा मात्र वाढतो. मंगळवारी सकाळी १०६६ होता, दुपारी ११०७, बुधवारी ११४८. आज तर विचारू नकोस. बागास येऊन बघून गेला. "बु, हे पसरतंय," म्हणाला, आणि त्याच्या काकांना जाऊन सांगितलं.

मुलींचे तास मी चार रात्री ताडले. एकही आकडा हललेला नाही. पण हे कुणी ऐकायला तयार नाही. एका मुलीचं प्रमाणपत्र उशिरा आलं, तर तिची आई माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "तुमच्या कोंबड्याने खाल्लं का?"

हे माझ्यामुळे आलं का ग? खरं सांग. पेनड्राइव्ह मी घरीही वापरते, घराशेजारच्या नेट कॅफेतही नेते. जूनमध्ये नेमणुका नव्याने होतील. माझ्या वयाच्या बाईला एकदा बाहेर काढलं की दुसरं दार नाही, आणि हे गाव केवढंसं आहे तुला ठाऊक आहे.

आत्या


सुराबाया, २९ मार्च २००९

बुलिक,

नोंदी चांगल्या घेतल्या आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून जे नक्की आहे तेवढं लिहिते. दोन वेगवेगळे प्रोग्राम, दोन वेगवेगळ्या माणसांनी बनवलेले, दोन्ही म्हणतात की व्हायरस सापडला. पेनड्राइव्ह घातल्याशिवाय आवाज होत नाही. पेनड्राइव्ह तुमचा आहे. या तीन गोष्टी खऱ्या आहेत. कुणी विचारलं तर नाकारू नका.

तुमचंच एक वाक्य मला आठवतं. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिसऱ्याने लाजावं, असं तुम्ही म्हणाला होतात. अंगणात म्हणाला होतात. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

वेनिंग


तेमांगुंग, ८ एप्रिल २००९

वेनिंग,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. काळजी करू नकोस.

काल पाक हार्जांतोंनी पेनड्राइव्ह मागवून घेतला. टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि त्यावर ठेवायला लावला, जणू मी कुणाचं बोट कापून आणलंय. मग उलटून बघतात तर पाठीवर सुरीचे ओरखडे. "इथे नाव होतं काहीतरी," म्हणाले. "कुणी खरवडलं?"

"मी."

"का?"

यायुक दारातूनच म्हणाली, "चोराच्या घरातल्या भांड्यावर नाव नसतं." सगळे हसले. पाक हार्जांतो हसले नाहीत, ते जास्त वाईट.

शनिवारी, २५ तारखेला, संस्थेची बैठक आहे. तिथे ठरणार. मी मुद्दाम हा व्हायरस आणला, नोंदी बिघडवल्या आणि आता लपवतेय, असा आरोप आहे. तुझ्यासारख्या कुणी शिकलेल्या माणसाने चार ओळी लिहून दिल्या, की नक्की हे काय आहे, तर ते वाचतील. तुझ्या कंपनीच्या कागदावर नको, तुझं नावही घालू नकोस हवं तर. मला फक्त हे काय आहे ते हवंय. शुक्रवारपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. सुराबायाचं टपाल कधी चार दिवस घेतं, कधी सहा, तेव्हा लगेच टाक.

एकदा तुझ्याशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. करून बघीन फोन.

आत्या


सुराबाया, २२ एप्रिल २००९

बुलिक,

तुमचं पत्र मला १३ तारखेला मिळालं. तुमचे सात मिस्ड कॉल पाहिले.

हे काय आहे ते सांगते. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस नाही. कधीच नव्हता.

व्हायरस ओळखायला प्रत्येक अँटिव्हायरसजवळ एक यादी असते. पोलीस चौकीत चोरांच्या बोटांचे ठसे ठेवतात तशी. शहाणा प्रोग्राम ती कुलुपात ठेवतो. बागासने उघडी ठेवली आहे. त्याच्याकडे एक्केचाळीस ठसे आहेत. परदेशी प्रोग्रामला ते दिसतात आणि तो समजतो की एक्केचाळीस चोर घरात आले. भोंगा वाजवतो आणि ती यादी उचलून आपल्या कोठडीत टाकतो. सात सेकंदांनी बागासचा प्रोग्राम त्या कोठडीत डोकावतो, त्याला तिथे एक्केचाळीस ठसे दिसतात, कोंबडा आरवतो. मग त्याच्या लक्षात येतं की आपली यादी जागेवर नाही. तो नवी लिहितो. पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि कोठडीत आणखी एक्केचाळीस. ११०७ मधून १०६६ वजा करा. ११४८ मधून ११०७ वजा करा. बावीस वर्षं तासांच्या बेरजा करणाऱ्या बाईने ही वजाबाकी करून पाहिली नाही, याचं मला नवल वाटलं.

पेनड्राइव्ह घातला की दोन्ही प्रोग्राम मशीन तपासायला उठतात, म्हणून आवाज तेव्हाच होतो. रिकामा घातला असता तरी झाला असता. कुणाचाही घातला असता तरी.

उपाय: दोघांपैकी एक काढून टाकायचा. पाच मिनिटं लागतात.

मला हे कधी कळलं, असं तुम्ही विचाराल. शंका तुमच्या पहिल्याच पत्रात आली. खात्री २० मार्चच्या पत्राने झाली, सात सेकंदांमुळे. २९ मार्चला मी लिहिलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या पुरेशा नव्हत्या, एवढंच.

मी अकरा वर्षांची, तुमच्या घरी राहत होते, तेव्हा तुमच्या उजव्या कानातलं सोन्याचं फूल हरवलं होतं. तुम्हाला माझा संशय आला, कारण शेजारच्या बु कार्तीने मला सोनाराच्या गल्लीत पाहिलं होतं. बु कार्तीला माझा संशय आला, कारण तुम्ही तिला विचारलंत. दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणत होतात, ही पण सांगतेय. मी सोनाराच्या गल्लीतून रोज शाळेत जात असे. तुम्ही मला अंगणात बसवलंत. येणारा-जाणारा थांबून विचारायचा. पहिल्या दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं, आणि कुठे टाकलंस विचारल्यावर नदीत म्हटलं, म्हणजे कुणी शोधायला लावणार नाही.

तीन आठवड्यांनी ते फूल तांदळाच्या रांजणात सापडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तुम्ही मला पाहिलंत. तुम्ही काही बोलला नाहीत. बु कार्तीलाही काही सांगितलं नाहीत. मी शाळा संपवून गाव सोडेपर्यंत ती मला चोरटी म्हणत होती.

पेनड्राइव्हवरचं नाव तुम्ही का खरवडलंत ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

हे पत्र साध्या टपालाने पाठवते आहे. मंगळवारी पोहोचेल.

वेनिंग


तेमांगुंग, ३ मे २००९

वेनिंग,

तुझं पत्र मंगळवारीच आलं. तुझा हिशेब कधी चुकत नाही.

शनिवारची बैठक सांगते. माझं मशीन उचलून बैठकीच्या टेबलावर आणून ठेवलं होतं, कापड पांघरून. पाक हार्जांतो म्हणाले, "बागास, दाखव." बागासने माझा पेनड्राइव्ह घातला. भोंगा वाजला. सगळे थांबले. मी मनात मोजत होते, सातला कोंबडा आरवला. एक म्हातारे सभासद दचकले, त्यांचा चहा सांडला. लोक हसले.

"हा पेनड्राइव्ह कुठून आणलात, बु?"

"बाजारातून."

"नाव का खरवडलं?"

"असंच."

"मुद्दाम आणलात का हे?"

नाही म्हटलं. मग दुसऱ्या सभासदाने तेच विचारलं. नाही म्हटलं. मग पाक हार्जांतोंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बु मिराह, सगळ्यांचा वेळ जातोय. हो ना?" मी हो म्हटलं. कागद तयारच होता, सही केली. बागास सगळा वेळ आपल्या चपलांकडे बघत होता.

तो पेनड्राइव्ह तू दिलेला होता. गेल्या ईदला खोकं भरून आणले होतेस, सगळ्यांना वाटलेस, आठवतं? पाठीवर तुझ्या कंपनीचं नाव होतं. तू लिहिलंस, पेनड्राइव्ह घातल्याशिवाय आवाज होत नाही, नाकारू नका. मला वाटलं तू खुणेने सांगतेयस. उघड लिहिता येत नाही म्हणून. तुझ्या कंपनीतूनच हा व्हायरस आला, हे बाहेर फुटलं तर तुझा जुलै जाईल. म्हणून भाजीच्या सुरीने नाव काढलं. घाई झाली, ओरखडे राहिले. जरा नीट काढलं असतं तर त्यांना दिसलंही नसतं.

एक काढून टाकायला पाच मिनिटं लागतात म्हणतेस. तो परदेशी काढायला मला येत नव्हतं. कोंबडा मी कसा काढणार होते? त्याच्या नावाने कापलेला भात माझ्या हातात दिलेला. सगळ्यांसमोर खाल्लेला.

आता कानातल्या फुलाचं. तांदळात सापडलं, तू दारात होतीस, खरं आहे. घरात चार पोरं होती, अंडं कधी अख्खं कुणाच्या वाट्याला आलं नाही, दोऱ्याने कापून अर्धं-अर्धं. त्या दिवशी मी तुझ्या पानात अख्खं ठेवलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि खाल्लंस. मला वाटलं तुला कळलं. पंधरा वर्षं मी धरून चालले होते की तुला कळलंय.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. त्यावर तारीख आहे, आणि तुला कधीपासून माहीत होतं तेही आहे. तुझ्या साहेबांच्या हातात पडलं तर बरं दिसणार नाही. रांजणात ठेवलंय, तांदळाखाली.

मुलींचे तास आता यायुक मांडते. बाजारात भेटली. "बु मिराह," म्हणाली, "कोंबडी घ्यायला आलात की द्यायला?"

आत्या


तेमांगुंग, २२ मे २००९

कु. वेनिंग यांस,

आपले ११ मे रोजीचे पत्र आपल्या कंपनीच्या सहीशिक्क्यासह मिळाले. दोन अँटिव्हायरस प्रोग्राम एकमेकांना व्हायरस समजून खोटे इशारे देतात, हे आपले म्हणणे संस्थेने लक्षपूर्वक वाचले. इतक्या तपशिलाने लिहिण्याची तसदी घेतल्याबद्दल आभार. आपण श्रीमती सुमिराह यांच्या भाची आहात व तो पेनड्राइव्ह आपल्याकडून आला होता, हेही आपण स्वतःहून कळवले, याची नोंद घेतली आहे.

तथापि श्रीमती सुमिराह यांनी स्वखुशीने कबुली दिली आहे. त्यांचे मशीन २५ एप्रिल रोजीच बंद करून गोदामात ठेवले. त्या दिवसापासून संस्थेत एकदाही भोंगा वाजलेला नाही व कोंबडा आरवलेला नाही. याहून वेगळ्या पुराव्याची संस्थेस गरज वाटत नाही.

चि. बागासच्या प्रोग्रामला जिल्ह्यातील आणखी दोन शाळांनी पसंती दिली आहे, हे आपल्याला ऐकून आनंद होईल.

आपला,
हार्जांतो


सुराबाया, ३० मे २००९

बुलिक,

पाक हार्जांतोंचं उत्तर सोबत जोडलं आहे. मी त्यांना लिहिलं होतं, हे तुम्हाला त्यावरून कळेल. कंपनीचा शिक्का मागताना मला कारण सांगावं लागलं आणि तारखाही सांगाव्या लागल्या. जुलैचा कागद येणार नाही. हे तुमच्यामुळे झालेलं नाही, म्हणून कळवते.

त्या खोक्यातला एक पेनड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला होता. काल तीन वेगवेगळ्या मशिनांवर तपासला. त्यात काही नाही.

गोदामातलं तुमचं मशीन कुणी पुन्हा चालू केलं आणि त्यात कुठलाही पेनड्राइव्ह घातला, तर आधी भोंगा वाजेल आणि सात सेकंदांनी कोंबडा आरवेल. तसं मी त्यांना लिहिलं होतं. पण ते मशीन चालू करणार नाहीत.

अंड्याचं मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्या दिवशी कुणीतरी जेवलं नसेल.

पाक हार्जांतोंचं पत्र मी दोनदा वाचलं. मशीन बंद केल्यावर आवाज थांबला, हे खरं आहे. तुम्ही कबुली दिलीत, हेही खरं आहे. त्यांनी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. २९ मार्चच्या माझ्या पत्रातही नव्हतं.

वेनिंग